दसऱ्याला पुसलेला कॉम्प्युटर

सानगडीच्या एका धानाच्या व्यापाऱ्याने मला एकदा दुकानातून हलूच दिलं नव्हतं. त्याचा कॉम्प्युटर रडतखडत चालायचा, म्हणून मी मोहाडीहून बस बदलत मुद्दाम गेलो होतो. साफसफाईचं सॉफ्टवेअर चालवलं, मशीन पळायला लागलं, मालक खूश झाला. मग मी सहज बोलून गेलो की तुमच्या मशीनमधून बराच कचरा निघाला. तो लगेच सावध झाला. आमच्याकडे मेकॅनिकने ट्रॅक्टर दुरुस्त केला की काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्यावा लागतो, नाहीतर त्याने तो बाहेर खपवला असं समजतात. तेव्हा निघालेला माल कुठे आहे, असा त्याचा रोखठोक सवाल होता. मी म्हटलं, शेठ, तो पुसला गेला. तो म्हणाला, माझ्या मशीनमधला माल मला न विचारता पुसणारे तुम्ही कोण? मी त्याला कॉम्प्युटरची रिकामी कचरापेटी उघडून दाखवली, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. पुढे तो मला सहसा बोलवायचा नाही, आणि बोलावलं तर पूर्ण वेळ खुर्ची लावून माझ्या शेजारी बसायचा.

माझा धंदा हा असा. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या काही वर्षांत आमच्या उरलेल्या भंडाऱ्यात गावोगावी कॉम्प्युटर आले, आणि ते आले म्हणून मी मोहाडीच्या बसस्टँडजवळ दुकान टाकलं. पाटीवर ‘सेल्स अँड सर्व्हिस’ लिहिलं होतं. सेल्स नावालाच होता. सर्व्हिस म्हणजे नव्वद टक्के वेळा एकच तक्रार, मशीन स्लो झालं. आणि त्यावर माझा उपायही बहुतेक वेळा एकच.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण इंटरनेटवर एखादं पान उघडलं की त्यातली चित्रं, मजकूर, बारीकसारीक खुणा ब्राउझर गुपचूप आपल्या मशीनमध्ये उतरवून ठेवतो. पुन्हा तेच पान पाहिलं तर सगळं नव्याने ओढून आणायला नको, एवढाच त्यामागे हेतू. त्यांना टेम्पररी फाइल म्हणतात. नावाला टेम्पररी, पण कोणी हलवल्याशिवाय मुक्काम सोडत नाहीत, सरकारी खात्यातल्या टेम्पररी माणसांसारख्या. त्या हलवायला सॉफ्टवेअर मिळतं. त्यात छोट्या छोट्या चौकटी असतात: तात्पुरत्या फाइली, काय काय पाहिलं त्याचा इतिहास, साठवलेले पासवर्ड, कुकी. जे पुसायचं त्या चौकटीत टिक करायची आणि खालचं बटण दाबायचं. हिरवी पट्टी सरकत जाते आणि काम होतं.

यातली कुकी तेवढी नीट समजून घ्या. वेबसाइट आपल्या मशीनमध्ये एक खूण ठेवून जाते की हा माणूस ओळखीचा आहे, याला पुन्हा पासवर्ड विचारू नका. ती खूण आहे तोवर आपलं खातं आपल्यासाठी उघडं राहतं. खूण पुसली की तुम्ही परके.

या धंद्यात माणसांचं बरंच काही दिसतं. आम्ही बघत नाही असं आम्ही सगळेच सांगतो, पण दिसतं. करडीचे एक निवृत्त गुरुजी दर महिन्याला फक्त इतिहास पुसून घ्यायला दुकानात यायचे. दार लोटून घ्यायचे, आवाज खाली आणायचे. मला वाटलं, म्हातारपणी हे काय नवीन. पाहिलं तर मधुमेहवाल्यांना चालतील अशा मिठायांच्या पाककृती, पानंच्या पानं. सुनेला कळायला नको म्हणून हा बंदोबस्त. मी हसलो नाही, पण घरी येऊन बायकोला सांगितलं. आता वाटतं सांगायला नको होतं. माणूस एकटा असताना काय वाचतो ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे, हे मला आंधळगावात कळलं. तेच सांगायला मी बसलो आहे.

आंधळगावचे वासुदेवकाका कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणायचे. माझे वडीलही मागावर बसणारे, त्यामुळे दोन्ही घरांचा पिढ्यांचा घरोबा. काकांच्या घरात दोन हातमाग, बाहेरच्या खोलीत साड्यांचं कपाट आणि त्या कपाटाशेजारी कॉम्प्युटर. तो शुभांगीने घेऊन दिला होता. शुभांगी त्यांची एकुलती एक मुलगी. नागपुरात शिकली, हैदराबादला नोकरीला लागली, आणि साड्यांचे फोटो बाहेरगावच्या दुकानदारांना पाठवता यावेत म्हणून घरी मशीन आणि नेटचं डोंगल देऊन गेली. आईला माउस धरायला तिनेच शिकवलं. शेवटच्या सुटीत आली तेव्हा तिने इंटरनेटवरचा स्वतःचा फोटोंचा अल्बम घरच्या मशीनवर उघडला आणि कायमचा उघडा राहू दिला, आईला कधीही पाहता यावा म्हणून.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ती तिकडे तापाने गेली. डेंग्यू होता. दवाखान्याच्या धावपळीत तिचा मोबाइल हरवला. तिची खोली रिकामी करून सामान आणलं, त्यात कपडे होते, भांडी होती, पण फोटो एकही नव्हता. हल्लीच्या मुलांचे फोटो असतात कुठे हातात? सगळे त्या अल्बममध्ये. आणि तो अल्बम साऱ्या जगात एकाच ठिकाणी उघडा होता, आंधळगावात, साड्यांच्या कपाटाशेजारी.

तिच्या आईचा, कमलाकाकूंचा, मग नेमच झाला. दुपारची जेवणं झाली, मागासाठी सुताच्या कांड्या भरून झाल्या की त्या मशीनसमोर बसायच्या. चार वाजेपर्यंत फोटो पाहायच्या आणि उठून चहा ठेवायच्या. रडायच्या नाहीत. मी एकदा त्या वेळी गेलो होतो. मला म्हणाल्या, बस बाबू, आज ती समुद्रावर गेली आहे.

मशीन जुनं होत चाललं होतं. काकांनी मला बोलावलं आणि मी साफसफाईचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. कुकीच्या चौकटीतली टिक मी काढून ठेवली. काकांना शेजारी बसवून दोन-दोनदा सांगितलं की दर शनिवारी फक्त खालचं बटण दाबा आणि या चौकटीला हात लावू नका, यात शुभांगीचा अल्बम उघडा राहतो. काका विणकर माणूस. एक तार सुटली तर पुढचं अख्खं लुगडं फसतं हे त्यांना मी काय सांगणार? ते म्हणाले समजलं, आणि वर्षाहून जास्त काळ दर शनिवारी त्यांनी नेमकं तेवढंच केलं.

मग दसरा आला. आमच्या विणकरांच्या घरात दसऱ्याला माग बंद असतो. आदल्या दिवशी धोटा, फणी, चरखा, जे जे हाताने चालतं ते सगळं उतरवून पुसायचं. एरवी कोपऱ्यात सुताचा झुबका राहिला तर चालतो, दसऱ्याला चालत नाही. अर्धवट पुसलेल्या हत्याराची पूजा करत नाहीत, तो त्या हत्याराचा अपमान समजतात. माझ्या लहानपणी फणीच्या एकेका दातातून वडील दोरा फिरवायचे. काकांच्या घरात कॉम्प्युटरही पोट भरणारं हत्यार झालं होतं. त्यांनी तो बाहेरून ओल्या फडक्याने पुसला. मग संध्याकाळी आतून पुसायला बसले. शनिवारचं बटण होतंच, पण हे शनिवारचं पुसणं नव्हतं, दसऱ्याचं होतं. त्यांनी सगळ्या चौकटींत टिक केली. मशीनने इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्यांनी हो म्हटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करतो तोच काका पायरीवर उभे. मोटरसायकलवर मागे सीपीयूचा डबा साडीच्या जुन्या फडक्यात बांधलेला. फडकं सोडलं तर डब्यावर हळदीकुंकवाची बोटं तशीच, वर झेंडूची माळ. मी सोनं द्यायला वाकलो तर त्यांनी माझा हात धरला.

“शुभीचं दार बंद झालं गा,” ते म्हणाले. “पासवर्ड मांगून राहिलं.”

काय झालं ते त्यांनी सांगितलं. मी विचारलं, काका, ती चौकट सोडायची होती ना. ते खाली बघत म्हणाले, “रोजच्या झाडलोटीत राहू देतो आपन एखादा कोपरा. पूजेले कसा राहू देनार? माह्या ध्यानातूनच गेलं.” काकूंना त्यांनी मशीन बिघडलं एवढंच सांगितलं होतं. सण होता, म्हणून दसऱ्याच्या दुपारी त्या बसल्या नव्हत्या. आजची दुपार यायची होती.

मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही. त्यांच्या जागी माझे वडील असते तर त्यांनीही सगळ्या चौकटी पुसल्या असत्या.

पासवर्डच्या वाटा मी आधी पाहिल्या. तिचं सिमकार्ड कधीच बंद झालं होतं. तो नंबर आता दुसऱ्या कोणाचा होता आणि त्याला आमची भाषाही कळत नव्हती. काकांनी तिच्या शाळेचं नाव, मैत्रिणीचं नाव, लहानपणीच्या गाईचं नाव सांगितलं. एकही चाललं नाही. अल्बमवाल्या कंपनीला मी अर्ज केला. त्यांचं उत्तर आलं की खातेदाराच्या मृत्यूचा दाखला आणि आणखी बरीच कागदपत्रं पाठवा, मग विचार करू, वेळ लागेल, हमी देत नाही.

दुसरी वाट होती कचऱ्याची. मशीन फाइल पुसतं म्हणजे खरं तर ती जागा रिकामी झाल्याची नोंद करतं. सामान तिथेच पडून असतं, नवीन सामान येऊन त्यावर बसेपर्यंत. त्यामुळे पुसल्यावर मशीन वापरायचं नसतं. काकांनी पासवर्डची खिडकी पाहताच घाबरून वायर ओढली होती. तेवढंच नशीब. मी त्यांची डिस्क काढून माझ्या मशीनला लावली आणि पुसलेलं परत काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. आयुष्यभर मी लोकांचा जो कचरा काढून टाकला, तोच आता निवडायला बसलो.

बरंच काही निघालं. बाण, बटणं, जाहिरातीतल्या बायका, क्रिकेटचा स्कोअर, साड्यांचे अर्धे फोटो ज्यांचा खालचा भाग नुसता राखाडी. त्यात मधूनच शुभांगी. अल्बमच्या यादीत दिसतात ते पोस्टाच्या तिकिटाएवढे फोटो होते, काही मात्र मोठे, काकूंनी उघडून पाहिलेले. ब्राउझर फक्त पाहिलेलंच साठवतो, त्यामुळे मोठे फोटो कोणते वाचले हे काकूंच्या नजरेने ठरवलं होतं. ऑफिसच्या समारंभातले, साडी नेसलेले, नटूनथटून काढलेले त्यात फार कमी होते. बहुतेकांत शुभांगी जेवत होती. डबा उघडताना, मैत्रिणींबरोबर हॉटेलात, खोलीत ताट मांडीवर घेऊन. मुलगी परगावी पोटभर जेवते की नाही, आई एवढंच पाहत बसली होती. मी दुकानात एकटाच होतो आणि मला रडू आलं.

आणि फोटोंच्या बरोबरीने दुसरंही निघत होतं. मजकुराची पानं, मराठी आणि हिंदी. डेंग्यूची लक्षणं. ताप कितव्या दिवशी धोक्याचा. प्लेटलेट कशा उतरतात. वेळेवर दाखल केलं तर रोगी वाचतो का. तीच तीच पानं, वेगवेगळ्या दिवशी उघडलेली, अलीकडे अगदी दसऱ्याच्या आठवड्यापर्यंत. शुभांगीच्या तेरवीला काका माझ्याजवळ एकदाच बोलले होते. ताप चढला तेव्हा तिने घरी फोन केला होता, आणि ते म्हणाले होते, गोळी घे, झोपून राहा, उतरेल. कोणताही बाप हेच म्हणाला असता. तेरवीनंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि आम्हाला वाटलं की माणूस सावरला. तो सावरला नव्हता. तो रोज स्वतःवर खटला चालवत होता.

फोटो मी एका फोल्डरमध्ये ठेवले, डिस्कवर आणि सीडीवरही. ती पानं परत भरली नाहीत. पुसली आणि या वेळी त्यांच्या जागेवर दुसरंच काहीबाही लिहून टाकलं, म्हणजे कोणाला सापडणार नाहीत.

चार-पाच दिवसांनी मशीन घेऊन मी आंधळगावला गेलो. काकांनी तोवर काकूंना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांचा चेहरा पाहूनच मला ते कळलं. मी मशीन जोडलं, डोंगल लावलं, फोल्डर उघडला. सांगितलं की अल्बम तूर्त गेला आहे, हे एवढे वाचले, बाकीच्यासाठी कंपनीशी लिखापढी चालू आहे. लहान फोटो मी मोठा करून दाखवायला गेलो तर शुभांगीच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले. काकू म्हणाल्या, लहानच राहू दे, मला दिसते. काका दारातच उभे होते. चहाला दूध नाही असं म्हणत ते बाहेर पडले.

ते वळणावर गेल्याची खात्री करून काकूंनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“बाबू, थे तापाचे पानं गेले का?”

मी उगाच विचारलं, कोणती पानं. त्या म्हणाल्या, “मले मराठी वाचता येते. सकाळी मी नळावर गेली का हे थे वाचत बसतात. बंद कराचं राहून जाते. मी दुपारी बसली का बाजूले थेच पान उघडं दिसते. मी बंद करून देतो अन् मंग शुभीले पाहतो. तुह्या काकाले कधी सांगितलं नाई.”

म्हणजे वर्षभर एकाच मशीनवर दोघं बसत होती. तो सकाळी, ती दुपारी, आणि एकमेकांना काही कळू देत नव्हती. मी म्हटलं, गेली काकू, सगळी गेली.

“मंग तेवढं बरं झालं,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पन हे उद्या पुन्हा उघडतीन. नेट आहे तोवर उघडतीनच. तू नेट काढून ने.”

मला वाटलं त्यांना पुरतं समजलं नाही. मी समजावून सांगितलं की काकू, कंपनीने खातं परत दिलं तरी ते नेटशिवाय दिसणार नाही. सगळे मोठे फोटो त्यात आहेत. इथे आहेत त्याच्या कितीतरी पट. आता नेट काढलं तर तेही पाहता येणार नाहीत.

“समजलं मले,” त्या म्हणाल्या. “पोरगी तं गेली बाबू. तुहे काका राहिले आहेत. यायले मले राखाचं आहे.”

या धंद्यात मी लोकांच्या सांगण्यावरून पुष्कळ काही काढून टाकलं आहे. आता ते डोंगल काढलं. एवढंसं प्लास्टिक, ते मी खिशात घातलं. काकू पदर सावरून पुन्हा पडद्याकडे वळल्या.

काका दूध घेऊन आले. मशीनमागचा डोंगलचा लाल दिवा लागत नाही हे त्यांनी आत येताच पाहिलं. मी म्हटलं, काका, जुन्या मशीनला नेटचा भार होतो, साड्यांचे फोटो माझ्या दुकानातून पाठवत जाऊ. खोटं मला बरं जमत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंनी मान वळवली नाही. काका हुशार माणूस, त्यांना कळलं. आपलं काय माहीत झालं आणि कोणाकोणाला, हे सगळं त्यांना त्या एका क्षणात कळलं असावं. दुधाचं भांडं त्यांनी तिथेच कपाटावर ठेवलं.

“बसा,” काकू म्हणाल्या. “तुमी एकडाव पाहिले नाई थे फोटो.”

खरंच, ते कधी बसले नव्हते. काका स्टूल ओढून काकूंच्या शेजारी बसले. काकूंनी पहिला मोठा फोटो उघडला. शुभांगी खोलीत भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर ताट. काका पुढे वाकले. पुष्कळ वेळ त्यांनी तो फोटो पाहिला. मग अगदी हळू त्यांनी बायकोला विचारलं,

“हा काढला तवा ताप होता का तिले?”

“नाई,” काकू म्हणाल्या. “तवा चांगली होती. पाहा ना, जेवून राहिली.”